माशाला पापणी नसते

दिगू,

तुझ्या शाळेतले दोन शिक्षक परवा माझ्या स्टुडिओत येऊन गेले. शाळेच्या अंकात छापायला तुझ्यावर चार ओळी द्या म्हणाले. मजकूरही त्यांनीच ठरवून आणला होता. चित्रकलेचे शिक्षक, मनमिळाऊ स्वभाव, कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी विचारलं, कोण, दिगंबर? माशाच्या एका शेपटीपायी ज्याने माझ्याशी तीन आठवडे अबोला धरला, तो मनमिळाऊ? बिचारे चहासुद्धा न घेता गेले. जाऊ देत. तुझ्याबद्दल लोकांना सांगण्यात मला रस नाही. तुझं-माझं बोलणं अर्धं राहिलंय, म्हणून तुलाच लिहितोय.

काल तुझं बारावं झालं. काल तुझ्या ओटीवर जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण आधी मागचं सगळं पहिल्यापासून सांगणार. तू नेहमी मधेच तोडायचास, त्यामुळे ही हकिगत माझ्या तोंडून कधी पुरी झालीच नाही. आता तोड बघू.

आपण सुरुवात केली तेव्हा आळीत एकच टीव्ही होता, काळापांढरा, आणि त्यावर माणसांपेक्षा मुंग्या जास्त दिसायच्या. मी पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढत होतो. तू शाळेत पोरांकडून केळी आणि सुरईची चित्रं काढून घ्यायचास, आणि भाद्रपदाच्या आधी दीड महिना गणपतीच्या कारखान्यात जाऊन फक्त डोळे रंगवायचास. दुसऱ्या कुणाला डोळ्याला हात लावू द्यायचे नाहीत, इतका तुझा हात होता. एक दिवस तू आलास तो शंभरपानी वही घेऊन. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एक मासा काढला होतास. अंगठ्याने पानं फरफर सोडलीस आणि मासा पोहला. माझ्या टेबलावर, पासपोर्ट एजंटांच्या बिलांच्या मधे, तो खरोखर पोहला रे.

"श्रीपाद, मत्स्यावताराचा सिनेमा करू. चित्रांचा," म्हणालास.

"मेल्या, हे करायला मुंबईत शंभर माणसं ओळीने बसलेली असतात."

"मग आपण दोघं जरा हळू करू."

जरा हळू म्हणजे चार वर्षं, हे त्या वेळी तू सांगितलं नाहीस.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच. मनू अर्घ्य द्यायला ओंजळीत पाणी घेतो, त्यात बोटाएवढा मासा येतो आणि मला वाचव म्हणतो. मनू त्याला कमंडलूत ठेवतो, तो वाढतो. हौदात ठेवतो, वाढतो. नदीत सोडतो, नदी पुरत नाही. मग समुद्र. मग प्रलय येतो, माशाला शिंग फुटतं, आणि वासुकीच्या दोरीने मनूची होडी त्या शिंगाला बांधली जाते. पडद्यावर सात मिनिटं. त्या सात मिनिटांसाठी पाच हजारांवर चित्रं लागणार, हा हिशोब तू मला भाट्याच्या पुलावर उभा राहून ऐकवलास. मी तेव्हाच पुलावरून उडी टाकायला हवी होती.

चित्रं काढायला पारदर्शक कागद हवेत, ते कुठून आणणार? ती युक्ती माझी, आणि तू ती नेहमी तुझी म्हणून सांगायचास. एक्स-रेच्या जुन्या, कुणाच्या कामाच्या न उरलेल्या प्लेटी. एका डॉक्टरांनी गठ्ठेच्या गठ्ठे दिले. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुतल्या की काळं निघून जायचं आणि हाती यायचं निळसर, स्वच्छ तावदान. सुमनवहिनींच्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून लोकांच्या छात्या वाळत पडायच्या. "भावजी, आज माझी साडी कुणाच्या बरगड्यांशेजारी घालू?" असं वहिनी विचारायच्या. त्या निळसर झाकेने आपल्याला समुद्र फुकट मिळाला. प्रलयाच्या प्रसंगात एका लाटेत बरगडी नीट धुतली गेली नव्हती, ती अजून दिसते. लोकांना ती लाटच वाटते.

कामाची वेळ सकाळी सात ते नऊ. नंतर मिरकरवाडा बंदराकडचे बर्फाचे कारखाने सुरू झाले की आपले दिवे मंद व्हायचे आणि चित्रात मधेच आभाळ भरून यायचं. तुझ्या घराच्या मागच्या खोलीत सुताराने केलेल्या घोडीवर कॅमेरा उलटा टांगलेला, खाली काच. तू चित्र ठेवायचास, मी कळ दाबायचो. तू "हं" म्हणायचास, मी कळ दाबायचो. पावसाळ्यात ताव एकमेकांना चिकटायचे, तेव्हा काम बंद आणि भांडण सुरू.

पहिलं मोठं भांडण कोणता मासा यावरून. मी म्हणालो, मासा म्हणजे मासा, काढ सोनेरी, घाल डोक्यावर मुकुट, कॅलेंडरवर असतो तसा. तू म्हणालास, ओंजळीतल्या गोड्या पाण्यापासून समुद्रापर्यंत जो जिवंत राहील तो खरा कोणता मासा, ते आधी ठरवू. मग आठ दिवस तू बाजारात. मी आपला पिशवी घेऊन मागे. शेवटी तुला जिताडा सापडला. नदीच्या तोंडाशी, खाडीत, समुद्रात, कुठेही रमणारा, माणसाएवढा वाढणारा, आणि अंधारात सोनेरी चमकणाऱ्या डोळ्याचा. घरी आणून ताटात ठेवलास आणि त्याचे चौदा कच्चे आराखडे काढलेस. तोवर वहिनींनी तीनदा मसाला वाटून ठेवला होता.

शेपटीची गोष्ट तू कुणाला सांगू द्यायचा नाहीस, मी सांगणार. समुद्राचा प्रसंग पुरा रंगवून झाला, तेव्हा आपण पांडू तांडेलला बोलावलं. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, जन्म समुद्रावर गेलेला. भिंतीवर तुकडा दाखवला. तो बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो जिताडा नाय. ह्यो गादा हाय."

गादा म्हणजे डॉल्फिन. तू तांबडालाल झालास.

"बगा ना, शेपूट वर-खाली मारतोय. तां गादा मारतो. जिताडा अशी आडवी मारतो, डाव्या अंगाला, उजव्या अंगाला." त्याने हाताचा पंजा उभा धरून करून दाखवलं.

मी म्हटलं, चालेल, कुणाला कळतंय. झालं. तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीस आणि सहाशे चित्रं पुन्हा काढलीस. मी रोज सकाळी सातला यायचो, तू चित्र ठेवायचास, "हं" सुद्धा म्हणायचा नाहीस, मी अंदाजाने कळ दाबायचो. दिगू, तेव्हा मी घरी जाऊन तुला इतक्या शिव्या दिल्यात की आमची आई विचारायची, कोण तो शिंचा? पण आता तो तुकडा बघतो तेव्हा ऊर भरून येतो. सगळ्या सिनेमांतले मासे वर-खाली शेपूट हलवत हसत फिरत असतील. आपला फिरत नाही. आपला रत्नागिरीच्या खाडीतला आहे.

पहिला खेळ तुझ्या शाळेच्या सभागृहात झाला, रविवारी दुपारी. अंधार करायला खिडक्यांना पांडूने जुनं शिडाचं कापड लावून दिलं. आवाज फिल्मवर घालणं आपल्या आवाक्याबाहेरचं, म्हणून पडद्याशेजारी मृदंग. पुढे मुलं, मागे पालक, आणि भिंतीला टेकून पांडू आणि त्याच्या वाडीतली पंधरा-वीस माणसं. मासा कमंडलूतून हौदात आला तोच मागून कोणीतरी ओरडलं, "जिताडा रे, जिताडा!" सगळे हसले. कुणी भाव विचारला. म्हटलं, झाली फजिती, देव बाजारात बसला.

आणि मग तो प्रसंग आला. मासा समुद्रात शिरतो, लांब जातो, वळतो आणि आपल्याकडे बघतो. पडदाभर एक डोळा. आठ सेकंद. काही हलत नाही, फक्त त्या डोळ्यात मनूची होडी एवढीशी दिसते आणि पाणी तिच्याखाली वर चढत जातं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने तोंडावर हात धरले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली. पुढे शिंगाला होडी बांधली, दोरी सैल पडली, ताणली, पुन्हा सैल पडली, तसा पांडू उभा राहिला. "मास्तर, होडी बरूबर वढलीत," एवढंच म्हणाला. भाट्याच्या खाडीत एक होडी दुसरीला ओढताना बघत तू किती सकाळी बसला होतास, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाहेर पडताना पांडूची बायको वहिनींना म्हणाली, "मास्तरांनी पंचाईत केली बगा. आता ह्यो मासा पाटीत घिऊन बाजारात बसू कशी?" त्या दिवसापासून तू ते वाक्य पदक लावल्यासारखं मिरवलंस. मिरवायलाच हवं होतं.

आता भांडणाकडे येतो.

त्या खेळाला मुंबईचे एक गृहस्थ आले होते. शाळांसाठी सिनेमे करणारे. भला माणूस, उगाच नावं ठेवत नाही. तुझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, असं काम मी पाहिलं नाही. मी प्रती काढतो, राज्यातल्या शाळाशाळांतून दाखवतो. फक्त एक करा. त्या डोळ्याच्या प्रसंगात माशाला एकदा डोळे मिचकावू द्या. मुलांना तो आपला वाटला पाहिजे. मिचकावला नाही तर भीती वाटते. बाराच चित्रांचं काम आहे.

मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा झालो. ते गेल्यावर म्हणालास, "श्रीपाद, माशाला पापणी नसते."

"अरे, मनूशी बोलणारा मासा आहे तो! बोलतो ते चालतं आणि पापणी चालत नाही?"

"देवालाही नसते. देव पापणी लववत नाही. मी एवढे गणपती रंगवले, एकाचाही डोळा मिटता ठेवलेला नाही. देवाचं आणि माशाचं या एका गोष्टीत आयतं जमलंय. तिथे मी कोण मधे पापणी घालणार?"

दोन वर्षं आपण यावर भांडलो. माझं म्हणणं तुला पटत नव्हतं, पण ते वेडगळ नव्हतं, हे मी आजही सांगेन. आपली फिल्म अशी की कॅमेऱ्यात जी गेली तीच धुऊन पडद्यावर येते. निगेटिव्ह नाही. म्हणजे आपला सिनेमा जगात एकच. प्रत्येक खेळाला त्यावर ओरखडा येतो, प्रत्येक पावसाळ्यात डब्यात बुरशी शिरते. मी दर पंधरवड्याला डबा उघडून मऊ फडक्याने पुसतो. पाच हजार चित्रं काढलीस, बारा आणखी काढ आणि तुझं काम वाचव, असं मी म्हणत होतो. हट्टापायी तू ते माझ्या डोळ्यांदेखत सडायला ठेवतोयस, असंही म्हणालो. एकदा तर म्हणालो, हे तू देवासाठी करत नाहीस, स्वतःच्या नाकासाठी करतोस. ते मी बोलायला नको होतं.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. गेल्या वर्षी तू मंडणगडला बहिणीकडे महिनाभर गेलास. तुझ्या मागे मी पापण्या काढल्या. हो, मी. बारा चित्रं. माझा हात तुझ्यासारखा नाही, पण चार वर्षं तुझ्या शेजारी बसून दगडालाही रेघ मारता आली असती. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले तुझे जुने ताव काढले, त्यावर माझ्या पापण्या ठेवल्या, उरलेल्या फिल्मवर उतरवून घेतल्या आणि धुवायला मुंबईला पाठवल्या. म्हटलं, पडद्यावर प्रत्यक्ष दाखवलं की हा गाढव कबूल होईल. तुकडा धुऊन आला. मागच्या खोलीत एकटाच बसून लावला. मासा वळला, बघितलं त्याने, आणि हळूच डोळे मिचकावले.

गोड दिसला रे. फार गोड. आळीतला कोणाचा तरी लाडका मुलगा असावा तसा. त्याच्या शिंगाला होडी बांधावी असं कुणालाही वाटलं नसतं. आधी तो बघायचा तेव्हा मीसुद्धा, हजारदा बघितलेला मी, खुर्चीत नीट बसायचो. आता मी आरामात मागे टेकलो. तेव्हा मला कळलं. मी तुकडा पुन्हा लावला, परत लावला, आणि मग उठून ते बारा ताव कॉस्टिकच्या पाण्यात टाकले.

तू मंडणगडहून आलास आणि मी तुला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सवयीने पुन्हा पापणीवरून भांडलोच. कारण काय? काही नाही. ज्याने आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही त्याला जिंकू कसा देऊ, एवढंच. आणि खरं तर भांडण मिटलं असतं तर रोज सकाळी सातला मी तुझ्याकडे काय निमित्ताने आलो असतो, तेही कळत नव्हतं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तू विचारलंस, "तू अजून म्हणतोस का रे, पापणी घालायला हवी होती?" तोंडाशी आलं होतं. बाजूच्या खाटेवर कुणी खोकत होतं, वहिनी पेज भरवायला थांबल्या होत्या, आणि मी म्हणालो, "आधी बरा हो, मग बघू." तू हसलास. मला वाटलं, बरा होशील.

काल बाराव्याला ते मुंबईचे गृहस्थ आले. उसना सुतकी चेहरा करून नाही, खरंच वाईट वाटून आले होते. जेवणं झाल्यावर ओटीवर बसले आणि म्हणाले, आता दिगंबररावांची आठवण राहायला हवी. प्रती काढू. त्यांचं नाव सुरुवातीला मोठ्या अक्षरात घालू. डोळ्याचं तेवढं आमच्याकडची मुलं करतील, तुम्हाला हातसुद्धा लावावा लागणार नाही. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डबा भावजींकडे आहे. ते ठरवतील ते."

गृहस्थ माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "मग प्रश्नच नाही. तुम्ही तर तेव्हाही माझ्याच बाजूचे होतात."

दिगू, मला काय झालं कळलं नाही. मी उभा राहिलो. म्हटलं, माशाला पापणी नसते. देवालाही नसते. म्हटलं, तुम्ही दयामाया दाखवायला निघालाय, पण प्रलय आलेला आहे आणि मासा वाचवायला आलाय, गंमत करायला आलेला नाही. मुलांना भीती वाटते म्हणता ना? पहिल्या रांगेतल्या त्या मुलीला वाटली, आणि तरी बोटांच्या फटीतून ती बघत होती, ते नाही पाहिलंत? माझा आवाज इतका चढला की परसात पानं उचलणारे थांबले.

ते शांतपणे म्हणाले, "मग तो डब्यात सडेल, श्रीपादराव."

"सडला तर उघड्या डोळ्यांनी सडेल. आणि तोवर मी स्वतः डबा घेऊन हिंडेन. दाभोळला, मंडणगडला, जिथे भिंत असेल तिथे दाखवेन. न्यायचा तर आहे तसा न्या."

मग ते म्हणाले, आमच्या लोकांना विचारून कळवतो. होकार येईल की नाही, मला माहीत नाही. नाही आला तर येत्या महिन्यात पहिला खेळ दाभोळला, पांडू सोबत येतोय. ते गेले आणि मी खाली बसलो. सुमनवहिनींनी पाणी आणून ठेवलं. बारा दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू पाहिलं. म्हणाल्या, "आत्ता अगदी ह्यांच्यासारखे बोललात, भावजी."

मला आयुष्यात कोणी असं काही म्हटलेलं नाही. घरी येताना रडलो, ते सोड. पण छाती अशी फुगली होती की शर्टाची गुंडी तुटली असती. रस्त्यात दोघांनी विचारलं, काय श्रीपाद, बाराव्याहून आलास ना? मी त्यांना काय सांगणार. तुला सांगतो.

तुझं बरोबर होतं, दिगू. घे, लिहून दिलं.